पाकीट न फोडणारे टपाल

८ ऑगस्ट २०१३ रोजी 'लाव्हाबिट' या अमेरिकन ई-मेल सेवेच्या सुमारे ४ लाख १० हजार खातेदारांची पत्रपेटी एकाएकी बंद झाली. संकेतस्थळावर मालक लॅडर लेव्हिसन यांचे छोटेसे निवेदन तेवढे होते. आपण सेवा थांबवत आहोत आणि कारण सांगण्यास कायद्याने मनाई आहे, असा त्याचा आशय होता. सरकारला हवे होते एक खाते. बाकीच्यांचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही सर्वांचीच पत्रे आत अडकली.

ही सेवा लोकांनी निवडली होती ती खाजगीपणासाठी. मग अशी सेवा नेमके काय राखते आणि काय राखू शकत नाही? त्यासाठी थोडे मागे, फिनलंडमध्ये जाऊ.

तेथे १९९३ च्या सुमारास योहान हेल्सिंगियस यांनी 'अ‍ॅनॉन पेनेट' नावाची निनावी टपालसेवा चालवली. आलेल्या पत्रावरचे प्रेषकाचे नाव काढायचे, त्याजागी एक क्रमांक घालायचा आणि पत्र पुढे धाडायचे, असे तिचे काम. पण उत्तर आले तर ते मूळ प्रेषकाला पोचवायला हवे. म्हणून कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी ठेवणे भाग होते. यादी असली की ती मागणारा आज ना उद्या येतोच. १९९५ मध्ये सायंटॉलॉजी पंथाच्या तक्रारीवरून पोलीस आले आणि एका खातेदाराचा पत्ता द्यावा लागला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९६ मध्ये, हेल्सिंगियस यांनी सेवाच बंद केली.

"मी सांगणार नाही" हे आश्वासन न्यायालयापुढे टिकत नाही, हे यातून दिसले. "मला ठाऊकच नाही" असे म्हणता आले तर? त्याचे साधन तयार होते. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा संगणक-कार्यक्रम खुला केला होता. त्यात प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. एक किल्ली जगजाहीर; तिने कोणीही कुलूप लावावे. दुसरी फक्त मालकाकडे; कुलूप उघडते ते तिनेच. टपालवाल्याच्या हाती येते ती फक्त बंद पेटी. पण पीजीपी वापरणे किचकट होते. कॅनडातल्या 'हशमेल'ने १९९९ पासून तेच काम ब्राउझरमधून करण्याची सोय केली. पुढे आणखी सुलभता हवी म्हणून कुलूप लावण्याचे काम स्वतःच्या सर्व्हरवर करण्याचा पर्यायही दिला. त्यात खातेदाराचा पासवर्ड क्षणभर का होईना, सर्व्हरवर येई. तेवढा क्षण पुरेसा होता. न्यायालयीन आदेशानुसार हशमेलने तीन खात्यांतील पत्रे १२ सीडींवर भरून दिल्याचे २००७ मध्ये उघड झाले.

आता पुन्हा लाव्हाबिटकडे वळू. २००४ पासून चालणाऱ्या या सेवेत पैसे भरणाऱ्या खातेदारांची पत्रे त्यांच्याच पासवर्डाने कुलूपबंद ठेवली जात. जून २०१३ मध्ये एका खातेदाराचा पत्रव्यवहार कोणाशी, केव्हा होतो हे कळावे म्हणून न्यायालयाचा आदेश आला. तो खातेदार एडवर्ड स्नोडेन होता, हे अधिकृत कागदांतून बाहेर पडले ते २०१६ मध्ये, आणि तेही नाव खोडायचे राहून गेल्यामुळे! लेव्हिसन यांनी चालढकल केली. मग पैसे घेऊन तेवढ्या एकाच खात्याची माहिती आपण स्वतः काढून देतो, असे सुचवले. सरकारने ते नाकारले. तोवर सरकारने संकेतस्थळाची खाजगी किल्लीच मागितली होती.

खरी मेख येथे आहे. खातेदार पासवर्ड देतो तेव्हा तो वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून संकेतस्थळाच्या किल्लीने रक्षिला जातो. ही किल्ली सर्वांसाठी एकच. एका भाडेकरूच्या खोलीसाठी चाळीच्या मुख्य दाराची किल्ली मागावी आणि आतल्या साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या त्या दारापाशीच टांगलेल्या असाव्यात, तसा हा प्रकार होता. लेव्हिसन यांनी ती दिली, पण ११ पानांवर, भिंग लावूनही वाचता येऊ नये इतक्या बारीक टाइपात छापून. त्यातली २,५६० अक्षरे हाताने टंकित करायची! न्यायाधीशांना हा विनोद रुचला नाही. रोज ५,००० डॉलर दंड सुरू झाला. दोन दिवसांनी लेव्हिसन यांनी वापरता येईल अशी किल्ली दिली, आणि त्याच वेळी सेवेला टाळे ठोकले.

मालकाने शब्द पाळला असे म्हणता येईल. किंमत मात्र खातेदारांनी मोजली. आपली जुनी पत्रे उतरवून घ्यायला त्यांना ऑक्टोबरमध्ये थोड्या दिवसांची मुदत मिळाली.

'प्रोटॉनमेल' ही सेवा सर्न प्रयोगशाळेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये सुरू केली. तिची रचना अशी की पत्र उघडू शकणारा पासवर्ड सर्व्हरकडे जातच नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी पेपॅलने या नव्या सेवेचेच निधीखाते गोठवले होते, आणि कूटलेखनाला सरकारची परवानगी आहे का, अशी विचारणा केली होती. ते लवकरच मोकळे झाले. २०२१ मध्ये मात्र स्विस आदेशावरून एका फ्रेंच पर्यावरण-कार्यकर्त्याचा संगणकीय पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रातला मजकूर बंदच राहिला. पण 'अशा नोंदी आम्ही सहसा ठेवत नाही' या अर्थाचे संकेतस्थळावरचे वाक्य त्यानंतर बदलण्यात आले.

आता एक अडचण पाहा. पत्र वाचताच येत नसेल, तर खात्याचा गैरवापर कसा ओळखायचा? बाहेरून दिसते त्यावरूनच: खाती घाऊक उघडली का, तासाला किती पत्रे सुटतात, कोणी तक्रार केली का. पत्र मिळालेल्या माणसापाशी ते उघडलेलेच असते, म्हणून तक्रारीला वजन फार. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईतील १३ शाळांना बॉम्बच्या धमक्या आल्या. पालक धावत शाळांकडे गेले. त्या प्रकरणात भारतात प्रोटॉनमेलवर बंदी घालण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. वर्गातून मुले बाहेर काढणाऱ्या शिक्षकाला खाजगीपणाचे तत्त्वज्ञान त्या क्षणी कोण ऐकवणार? खाते तात्काळ बंद व्हावे, हीच अपेक्षा रास्त.

पण घाईची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये 'फ्रॅक' या संगणक-सुरक्षेवरील नियतकालिकासाठी लिहिणाऱ्या दोघांची खाती प्रोटॉनने बंद केली. एका सायबर-सुरक्षा यंत्रणेने इशारा दिला होता. हे दोघे एका हेरगिरीच्या प्रकरणाची माहिती त्यात सापडलेल्यांना कळवत होते, आणि त्यासाठी हीच खाती वापरत होते. दाद मागूनही प्रथम उपयोग झाला नाही. सप्टेंबरमध्ये जाहीर ओरड झाली, तेव्हा ती सुरू झाली.

अशा वेळी खातेदाराची स्थिती चमत्कारिक होते. पत्रांची किल्ली त्याच्यापाशीच असते, ती कोणी हिरावलेली नसते. पण पेट्या ज्या खोलीत आहेत तिला बाहेरून कडी. गणित त्या कडीपाशी थांबते. पुढे कोणत्या पुराव्यावर कडी घातली, दाद कोणाकडे मागायची, निर्णय किती दिवसांत होईल आणि तोवर निदान आपली पत्रे उतरवून घेता येतील का, हे प्रश्न उरतात. खाते उघडण्यापूर्वी सेवेच्या नियमांत त्यांची उत्तरे शोधावीत. आणि महत्त्वाच्या पत्रांची एक प्रत आपल्याच संगणकावर ठेवावी.