विदर्भातील शिलावर्तुळे आणि लेझरची मोजणी

यवतमाळ जिल्ह्याच्या बाभुळगाव तालुक्यात पाचखेड गावाबाहेरच्या पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) २०२३-२४ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले. आठ मीटरांहून जाड थरांच्या तळाशी लोहयुगीन वस्ती लागली. त्यात गोल घराचे अवशेष, चूल आणि लोखंडी वस्तू होत्या. कार्बन कालमापनानुसार ही वस्ती सुमारे ३००० वर्षांपूर्वीची ठरते. अशी घरे विदर्भात क्वचितच खणली गेली. त्या काळाची बहुतेक माहिती मिळाली ती दफनभूमींतून, म्हणजे शिलावर्तुळांतून.

शिलावर्तुळ म्हणजे मोठ्या धोंड्यांचे कडे. आत दगडगोटे आणि मातीची भर, आणि त्याखाली अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर. काही वर्तुळांत घोड्याची हाडे आणि त्याचा तांब्याचा साजही मिळाला आहे. नागपूरभोवती अशा दफनभूमी सर्वांत दाट आहेत. एकट्या जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळे मोजली गेली आहेत.

त्यांचा पहिला तपशीलवार वृत्तांत देणाऱ्यांपैकी एक होता कापूस खात्याचा अधिकारी. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता. कापसाच्या कामासाठीच त्याचा या मुलखात वावर होता. त्याने जुनापाणीची वर्तुळे उकरली, काही धोंड्यांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची नोंद केली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वृत्तांत छापला. वर्तुळे फोडून वस्तू काढायच्या, हा त्या काळचा शिरस्ता होता. वस्तू संग्रहालयात टिकल्या. पण कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या बाजूला होती, याची नोंद आजच्या अभ्यासाला तोकडी पडते.

पुढच्या शतकात पद्धत बदलली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या बा. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणीची तीन वर्तुळे थरांनुसार उत्खनित केली. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे काम केले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. तरीही नकाशे फीत, समतल फळा आणि हाताच्या रेखाटनांनीच होत. एका वर्तुळात साठ-सत्तर वेडेवाकडे धोंडे असले, की प्रत्येकाचा आकार कागदावर उतरवणे हे नेटाचे काम होई, आणि त्यात रेखाटणाऱ्याच्या नजरेचा वाटा राहीच.

लेझर स्कॅनर हा वाटा कमी करतो. तिपाईवरचे यंत्र किरण सोडते आणि तो दगडावर आपटून परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. एका नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १५. तेव्हा मिलिमीटरभर अचूकतेसाठी नॅनोसेकंदाचेही बारीक तुकडे मोजावे लागतात. काही यंत्रे वेळेऐवजी परतलेल्या लहरीची कला तपासतात. दगडाची मागची बाजू एका ठिकाणावरून दिसत नाही, म्हणून तिपाई फिरवत जावी लागते. ठरावीक खुणांच्या आधारे साऱ्या मोजण्या जुळवल्या, की कोट्यवधी बिंदूंचा एक समूह तयार होतो. यंत्राला गवत आणि दगड यांतला फरक कळत नाही. पावसाळ्यानंतर वर्तुळे झाकणारे रान वाळून बसेपर्यंत थांबणे, हे इथे यंत्राच्या किमतीइतकेच महत्त्वाचे ठरते.

मिलिमीटरभर बारकाई कशाला, याचे उत्तर इंग्लंडमधील स्टोनहेंजने दिले आहे. २०११ मध्ये तिथल्या शिळा स्कॅन झाल्या आणि बिंदूंच्या विश्लेषणातून ७१ नवी कुऱ्हाडीची कोरीव चित्रे उघड झाली. इतकी वर्षे नजरेसमोर असूनही ती झिजेमुळे सुटली होती. जुनापाणीच्या खळग्यांना हेच लागू पडते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी वर्तुळाच्या मध्यापासून खळग्यांच्या दिशा मोजून खगोलाशी संबंध असण्याची शक्यता मांडली. वर्तुळाचा मध्य कुठे धरला यावर हा सगळा हिशेब अवलंबून असल्याने अचूक मोजणीने तो बळकट तरी होईल किंवा मोडेल तरी.

अर्थात स्कॅनर फक्त पृष्ठभाग पाहतो. खालच्या अस्थी, मडकी त्याच्या आवाक्याबाहेर. त्यासाठी भूभेदी रडार किंवा खोदकाम लागते. शिवाय एकेक वर्तुळ टिपून भागत नाही. दफनभूमीचा अर्थ वर्तुळांमधल्या अंतरांत, उतारात, पाण्याच्या जागेत असतो आणि आधी नाहीशी होते ती हीच मधली जमीन. धोंडे धुऱ्यावर ढकलले जातात, मुरूम रस्त्याला जातो. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आहे. पण असंरक्षित वर्तुळांना ती लागू नाही. गंमत म्हणजे कोल इंडियाच्या उघड्या खाणींत किती माती उपसली हे मोजायलाही हाच स्कॅनर वापरतात, आणि यवतमाळ जिल्ह्यातला वणीचा पट्टा कोळशाचा आहे.

जगात वारसास्थळांच्या अशा स्कॅनिंगला गती दिली ती बेन कॅसिरा यांनी. मूळचे मोसुलचे हे अभियंते लेझर स्कॅनर विकसित करणाऱ्यांपैकी. २००१ मध्ये अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्ती फोडल्या गेल्यावर त्यांनी २००३ मध्ये अशा स्थळांची डिजिटल नोंद ठेवणारी ‘सायआर्क’ ही संस्था काढली. स्कॉटलंडच्या एका प्रकल्पात तिच्या सहभागाने गुजरातमधील पाटणची ‘राणी की वाव’ ही पायऱ्यांची विहीर स्कॅन झाली. अशा नोंदींचे पुढचे दुखणे जतनाचे असते. एका दफनभूमीच्या फायली शेकडो गिगाबाइट भरू शकतात आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या खास स्वरूपातली फाइल दहा वर्षांत उघडेनाशी होऊ शकते. म्हणून कच्चे बिंदू खुल्या स्वरूपात, यंत्राच्या आणि जुळणीच्या तपशिलासह, एकाहून अधिक ठिकाणी ठेवतात.