खानेसुमारीचे त्रैराशिक

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील त्रैराशिक आपण सर्वांनी शाळेत गिरविलेले आहे. इतक्या काळात इतके, तर तितक्या काळात किती? लोकसंख्येचे एकघाती समीकरण म्हणजे हेच त्रैराशिक होय. वार्षिक वाढीला वर्षांनी गुणावे, आरंभीच्या लोकसंख्येत मिळवावे. कागदावर सरळ रेषा उमटते. तिच्यावर कितपत विसंबावे, हे आपल्याच देशाच्या खानेसुमारीवरून पाहू.

आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली सुमारे २५.२१ कोटी लोक होते. १९२१ साली २५.१३ कोटी. रेषा सांगते, दहा वर्षांत आठ लाख उणे झाले. म्हणजे विशेष काही घडलेच नाही. परंतु १९१८ च्या इन्फ्लुएंझाने या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि मुंबई इलाख्याला त्याचा जबर तडाखा बसला. दोन टोके जोडणाऱ्या रेषेत मधला आकांत दिसत नाही.

पुढे, १९४३ चा बंगालचा दुष्काळ सोडल्यास, रोगराई व उपासमार यांचे बळी घटत गेले. १९५१ साली ३६.११ कोटी लोक भरले. म्हणजे तीस वर्षांत दरसाल सरासरी साडेछत्तीस लाखांची भर. या हिशेबाने २०११ साली ५८ कोटी भरावयास हवे होते. भरले १२१ कोटी! गुणाकार बरोबर होता. पण मृत्यू जितक्या झपाट्याने घटले तितके जन्म घटले नाहीत, ही गोष्ट समीकरणात नव्हती.

मौज अशी की, १९९१ नंतरच्या दोन्ही दशकांत भर पडली ती सुमारे १८.२ कोटींचीच. तीच रेषा पुढे नेली तर २०२३ साली सुमारे १४३ कोटी येतात, आणि संयुक्त राष्ट्रांचा त्या वर्षाचा अंदाजही १४२.८६ कोटींचा होता. मात्र दशकाच्या वाढीचा दर शेकडा २१.५ वरून १७.७ वर उतरला होता. आया वाढल्या, प्रत्येकीची मुले कमी झाली. दोहोंची तोंडमिळवणी होऊन रेषा काही काळ सरळ राहिली. ती तशीच राहील असे नाही.

२०२१ ची खानेसुमारी महामारीमुळे लांबली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील लाभार्थींची संख्या २०११ च्या मोजणीवर बेतलेली होती. तेव्हा रेषेवरून अंदाज अवश्य बांधावा. पण शिधा वाटावयाचा तर दारोदार जाऊन माणसे मोजण्यावाचून गत्यंतर नाही.