पोलिसांच्या पत्राआधी उपचार : लैंगिक अत्याचार आणि प्राथमिक आरोग्य सेवेची जबाबदारी

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील निंबोला असो वा गोव्यातील सत्तरीचे एखादे खेडे, अत्याचार झालेली स्त्री प्रथम तज्ज्ञाकडे पोहोचत नाही. ती आशा सेविकेला सांगते, परिचारिकेला सांगते किंवा पोटदुखीचे निमित्त करून गावातल्या डॉक्टरसमोर बसते. पुढे काय होणार, हे बहुधा त्या पहिल्या भेटीतच ठरते.

‘आधी पोलीस ठाण्यात जा, पत्र घेऊन या’ हे उत्तर आजही ऐकू येते. ते बेकायदेशीर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी तसेच खासगी रुग्णालयाने पीडितेवर तत्काळ आणि विनामूल्य प्रथमोपचार वा वैद्यकीय उपचार केलेच पाहिजेत. उपचार नाकारल्यास रुग्णालयाच्या प्रमुखाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० अन्वये एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हीच कलमे पोलिसांना कळविण्याचेही बंधन घालतात. मात्र प्रौढ स्त्रीला तक्रार करायची नसेल, तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिचा नकार समजावून घेऊन लेखी नोंदवावा. उपचार त्यासाठी थांबत नाहीत. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायद्याने कळविणे अनिवार्यच आहे.

वेळेचे गणित कठोर आहे. तातडीची गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी उपयुक्त. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. शरीरावरील नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. म्हणून ‘उद्या या’ म्हणणे म्हणजे यांपैकी एखादी संधी कायमची गमावणे. स्त्री डॉक्टर उपलब्ध नसल्यास पुरुष डॉक्टरने महिला सहायकाच्या उपस्थितीत प्रौढ पीडितेची तपासणी करावी. अल्पवयीन मुलीची तपासणी मात्र स्त्री डॉक्टरनेच करावी, असे पॉक्सो सांगतो. प्रत्येक टप्प्यावर संमती हवी. तपासणीला होकार देणारी स्त्री नमुने देण्यास नकार देऊ शकते, आणि तसे केल्याने तिचा उपचारांचा हक्क कमी होत नाही.

नोंद तिच्याच शब्दांत असावी, हा नियम सीमाभागात विशेष महत्त्वाचा. मराठी, निमाडी किंवा कोरकू बोलणारी स्त्री जे सांगते ते हिंदी वा इंग्रजी अर्जात उतरताना सहज बदलते. दुभाषी लागला तर तो पोलीस किंवा नातेवाईक नसावा. ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये कोंबू नयेत. ते वाळवून कागदी पाकिटात ठेवावेत.

या शिस्तीमागे महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजीत खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्यांच्या दयनीय दर्जावर अहवाल लिहिला. त्याआधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये नवी कार्यपद्धती स्वीकारली. ‘दोन बोटांची चाचणी’ ही अवमानकारक आणि अशास्त्रीय प्रथा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खासगीपणाचा भंग ठरवली. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी मानण्याचे आदेश दिले. एखादी स्त्री ‘सवयीची’ आहे की नाही, हे लिहिणे डॉक्टरचे काम कधीच नव्हते.

तसेच ‘बलात्कार झाला’ वा ‘झाला नाही’ असा निष्कर्षही डॉक्टरने द्यायचा नसतो. तो न्यायालयाचा प्रांत. जखमा नसणे म्हणजे संमती नव्हे. १९७२ च्या देसाईगंज पोलीस ठाण्यातील प्रकरणात जखमा नसल्याचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. त्याविरुद्ध चार विधिप्राध्यापकांनी १९७९ मध्ये खुले पत्र लिहिले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. भीतीने गोठलेले शरीर प्रतिकार करत नाही, आणि काही वळ तर दुसऱ्या दिवशी उमटतात. यासाठीच दोन दिवसांनी पुन्हा तपासणी करायची, त्यानंतर तीन आणि सहा आठवड्यांनी पाठपुरावा करायचा. येण्याजाण्याची सोय नसलेल्या गावी ही तारीख आशा सेविकेने लक्षात ठेवावी लागते.