प्रथम कोणी बोलावे? : ईमेल-सर्व्हरवरील एका दोषसूचनेचा इतिहास

ईमेल-सर्व्हर चालविणाऱ्यांस 'राँग व्हर्जन नंबर' ही दोषसूचना चांगली परिचित आहे. शब्दशः पाहता टीएलएस या सुरक्षित संपर्काच्या संकेताची आवृत्ती जुळत नाही, असा तिचा अर्थ होतो. या अर्थावर विसंबून कित्येक व्यवस्थापक आवृत्त्या बदलीत बसतात, कोणी प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाकतो, आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो. बहुतेक प्रसंगी संभाषण प्रमाणपत्रापर्यंत पोहोचलेलेच नसते. सूचनेचा उलगडा तिच्या शब्दांत नसून दोन भिन्न संभाषणपद्धतींच्या इतिहासात आहे.

जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या लेखाने एसएमटीपी हा टपालाचा संकेत सिद्ध केला. आलेल्या क्लायंटने स्वस्थ राहावे व सर्व्हरने '२२०' या अंकाने स्वागत करून बोलण्यास आरंभ करावा, असा त्यातील शिष्टाचार होय. नेटस्केप कंपनीच्या एसएसएलने १९९५ मध्ये, व तिच्याच वारशाने जानेवारी १९९९ मध्ये आलेल्या टीएलएसने, नेमका विरुद्ध क्रम स्वीकारला. तेथे प्रथम क्लायंट बोलतो, सर्व्हर ऐकतो.

या दोन रीती एकमेकींसमोर आल्या की दोनच गोष्टी संभवतात. साध्या एसएमटीपीचा क्लायंट टीएलएसची अपेक्षा करणाऱ्या पोर्टवर गेला, तर दोघेही दुसऱ्याच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत मूक राहतात व मुदत संपून संपर्क तुटतो. याच्या उलट झाले तर सर्व्हरचे '२२०' टीएलएसच्या कानी पडते. टीएलएसच्या नोंदीत पहिला बाइट नोंदीचा प्रकार सांगतो आणि पुढील दोन आवृत्ती सांगतात. आस्की संकेतात दोनाच्या अंकाचे मूल्य ५० व शून्याच्या अंकाचे ४८ आहे. त्यामुळे स्वागताचा दुसरा व तिसरा अंक '५०.४८' अशी अस्तित्वात नसलेली आवृत्ती म्हणून वाचला जातो. मोडीतील कागद देवनागरी समजून वाचावा आणि लेखकाचे शुद्धलेखन वाईट आहे असा शेरा मारावा, तशातलाच हा प्रकार! ओपनएसएसएलच्या १.०.२ पर्यंतच्या आवृत्त्या याच प्रसंगी 'अननोन प्रोटोकॉल' म्हणत. २०१६ च्या १.१.० पासून शब्द बदलले. जुना शब्दप्रयोग अधिक सत्य होता, असे म्हणणे भाग आहे.

असा घोळ इतका सार्वत्रिक का झाला, याचे उत्तर पोर्ट ४६५ च्या चरित्रात सापडते. १९९७ मध्ये हे पोर्ट आरंभापासून सुरक्षित असणाऱ्या टपालासाठी नोंदले गेले. वर्षभरातच मत फिरले. साध्या संभाषणास आरंभ करून मध्येच 'स्टार्टटीएलएस' या आज्ञेने त्याला सुरक्षित करावे असे ठरले, आणि जानेवारी १९९९ च्या आरएफसी २४८७ ने ती रीत लेखनिविष्ट केली. ४६५ हे पोर्ट दुसऱ्याच कार्यासाठी देण्यात आले. परंतु अनेक टपाल-कार्यक्रमांनी ते सोडले नाही, आणि जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने अखेर त्या रूढीलाच मान्यता दिली. मधली वीस वर्षे ५८७ ची रीत वेगळी व ४६५ ची वेगळी, आणि नियम एकाच रीतीस ओळखणारा, अशी स्थिती होती.

प्रॉक्सीमुळे या संभाषणात तिसरा वक्ता येतो. विली तारो यांच्या एचएप्रॉक्सीबरोबर प्रचलित झालेल्या 'प्रॉक्सी' संकेतात मध्यस्थ मूळ क्लायंटचा पत्ता सांगणारी एक ओळ सर्वांच्या आधी पाठवितो; पोस्टफिक्सने २०१३ च्या २.१० या आवृत्तीत तिचा स्वीकार केला. एका बाजूने ती पाठविली व दुसरीला तिची कल्पना नसली, की पुन्हा पहिलाच शब्द चुकतो. ती मुळीच वापरली नाही, तर प्रत्येक पत्र प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसते. तो पत्ता विश्वासू मानलेला असल्यास कोणाही परक्याची पत्रे पुढे धाडण्यास सर्व्हर मोकळा होतो, आणि दोषसूचना एकही उमटत नाही.

मूक दोषाचे याहून गंभीर उदाहरण सिस्को कंपनीच्या पिक्स या संरक्षक यंत्रातील 'मेलगार्ड' सोयीचे आहे. आरएफसी ८२१ मधील सात मूलभूत आज्ञांखेरीज इतर शब्द ती सुरक्षिततेसाठीच खोडून त्यांच्या जागी 'एक्स' अक्षरे लिहीत असे. खोडलेल्या शब्दांत 'स्टार्टटीएलएस'ही येई. प्रस्तावच न ऐकू आल्याने दोन्ही सर्व्हर उघड्या भाषेत पत्र देत-घेत, आणि नियमानुसार यात काहीही चूक नव्हती. फेब्रुवारी २००२ च्या आरएफसी ३२०७ ने हा धोका स्पष्ट नमूद केला होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मिशिगन विद्यापीठ व गूगल येथील संशोधकांच्या मोजणीत ट्युनिशियातून जीमेलकडे येणाऱ्या पत्रांपैकी सुमारे ९६ टक्के पत्रांचे संरक्षण वाटेत अशा रीतीने काढून घेतलेले आढळले. त्यामागील हेतू मोजणीने ठरण्याजोगा नव्हता. पत्र लिहिणाऱ्यांना मात्र कसलीच सूचना मिळाली नव्हती.

सप्टेंबर २०१८ मधील आरएफसी ८४६१ ने प्राप्तकर्त्यास आपले धोरण आधीच प्रकट करण्याची सोय दिली. सुरक्षित संपर्क जुळला नाही, तर असे पत्र न देता रोखून ठेवावयाचे असते, आणि दोष व्यवस्थापकाच्या नोंदवहीत उतरतो.