लोखंडाचे कवच : शिकलगारापासून सिरॅमिक लेपापर्यंत

शस्त्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा तलवारीच्या धारेकडे, तोफेच्या पल्ल्याकडे आणि बंदुकीच्या चापाकडे जाते. शस्त्राच्या पृष्ठभागाचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः लढाई वर्षातून काही दिवसांची असते. हवेतील दमटपणाशी चालणारी लोखंडाची लढाई मात्र बारमाही असते. या दुसऱ्या लढाईचा इतिहासही पहिलीइतकाच उद्बोधक आहे.

लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो. तांबडा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे नवे लोखंड उघडे पडते. म्हणजे हा थर धातूला संरक्षण देत नाही, उलट आत वाट करून देतो. बंदुकीच्या शोधानंतर ही अडचण अधिकच वाढली, कारण काळ्या दारूच्या ज्वलनानंतर नळीत उरणारी राख हवेतील ओल शोषून घेते. न पुसता ठेवलेली बंदूक थोड्याच काळात खराब होई.

आपल्याकडे या शत्रूचा बंदोबस्त करण्याचे काम शिकलगाराकडे असे. अरबीतील ‘सैकल’ म्हणजे झिलई; ती करणारा तो सैकलगर, आणि त्याचाच मराठी शिकलगार झाला. शस्त्रे घासणे, त्यांना पाणीदार चकाकी आणणे, धार लावणे आणि तेलाचा हात फिरवून ती शिलेखान्यात ठेवणे, हा त्याचा व्यवसाय. खंडेनवमीला शस्त्रे पुसून मांडण्याच्या प्रथेमागे भक्ती तर आहेच. परंतु पावसाळा सरताच प्रत्येक शस्त्र एकदा तरी हाताखालून जावे, ही व्यावहारिक सोयही तिने साधली. कोफ्तगिरीच्या कारागिराने पोलादावर बारीक रेघा मारून त्यांत सोन्याचांदीची तार ठोकून बसविली, तरी तिच्याभोवतीचे उघडे लोखंड अखेर शिकलगाराच्याच भरवशावर असे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादजी शिंदे यांच्या पदरी डी बॉयनची कवायती पलटणे उभी राहिली. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या, बंदुका घडू लागल्या. हजारो सारख्या बंदुका एकदम हाताशी आल्या, की त्या लखलखीत ठेवणे हे एकेका शिकलगाराच्या आवाक्याबाहेरचे काम होते. युरोपातील सैन्यांनाही हाच प्रश्न पडला होता. शिपाई विटेच्या भुकटीने नळ्या घाशीत. त्याने चकाकी येई, पण नळी झिजे आणि उन्हात ती दुरून चमकून शिपायाचा ठावठिकाणाही सांगे.

यावर निघालेली युक्ती मोठी चतुर होती. गंज टाळता येत नसेल, तर तो आपल्या इच्छेप्रमाणे चढवून घ्यावा. नळीवरचे तेलकटपण संपूर्ण काढून तिला रसायनाचा हात देत, ती दमट जागी ठेवून बारीक गंज येऊ देत आणि सुटा गंज तारेच्या कुंचल्याने झाडून टाकीत. असे अनेकदा केल्यावर घट्ट तपकिरी थर बसे. हाच थर प्रत्येक खेपेस पाण्यात उकळला, तर तांबड्या ऑक्साइडचे रूपांतर काळ्या ऑक्साइडमध्ये होते. तो लोखंडाला चिकटून राहतो आणि त्याला निळसर झाक येते. पिस्तुलाच्या प्रसिद्ध ‘निळाई’चे हे एक मूळ. दुसरी पद्धत उष्णतेची : घासलेले पोलाद तापवीत गेल्यास ते प्रथम गवती पिवळे, मग जांभळे आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळे दिसते. तथापि ही निळाई फार पातळ असते. तिच्यावर तेलाचा हात फिरला नाही, तर ती फार काळ टिकत नाही.

अधिक टिकाऊ कवचाचा शोध विसाव्या शतकाच्या आरंभी लागला. १९०६ साली इंग्लंडमध्ये थॉमस वॉट्स कॉस्लेट याने फॉस्फरिक आम्लाच्या साहाय्याने लोखंडावर फॉस्फेटचा थर चढविण्याचे पेटंट घेतले. पुढे १९१५ साली अमेरिकेत पार्कर कंपनी स्थापन झाली आणि ही प्रक्रिया ‘पार्करायझिंग’ या नावाने रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धातील असंख्य अमेरिकी शस्त्रांचा करडा, चकाकी नसलेला रंग तो हाच. हा थर सच्छिद्र असतो, म्हणून तेल धरून ठेवतो. शिकलगार जे तेल वारंवार लावी, ते येथे पृष्ठभागच सांभाळून ठेवू लागला.

या ठिकाणी दिल्लीच्या लोहस्तंभाची आठवण होणे साहजिक आहे. सोळाशे वर्षांच्या सुमाराचा, सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ उघड्यावर उभा असूनही फारसा गंजलेला नाही. कानपूरच्या आय. आय. टी.चे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले, की प्राचीन भट्टीतील लोखंडात राहिलेल्या फॉस्फरसमुळे त्याच्या पृष्ठभागी संरक्षक थर तयार झाला आहे. प्राचीन लोहाराच्या लोखंडात जो फॉस्फरस मुळातच होता, तोच आधुनिक रसायनशास्त्राने पृष्ठभागावर चढविला, असे म्हणता येईल.

संरक्षणाची हयगय किती महाग पडते, याचा दाखला व्हिएतनाम युद्धात मिळाला. एम-१६ रायफलीच्या प्रारंभीच्या नगांत काडतूस बसते त्या कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता. त्या दमट प्रदेशात तेथे गंज चढू लागला. दारूतील बदल आणि साफसफाईच्या साहित्याचा तुटवडा यांची त्यात भर पडून रायफली ऐन चकमकीत अडू लागल्या आणि सैनिक प्राणास मुकले. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीने या प्रकरणाची चौकशी केली आणि पुढे क्रोमचा मुलामा देण्यात येऊ लागला. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलात पोलादाच्या पृष्ठभागातच नायट्रोजन व कार्बन मुरवून त्याला कठीण करण्यात आले. त्यानंतर आलेल्या सिरॅमिक मिश्रित लेपांत सुटे भाग तेलमुक्त करून, बारीक कठीण कणांच्या माऱ्याने खरवडून, फवारा मारून भट्टीत भाजतात. थराची जाडी साधारण पंचवीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. ती वाढली, तर एकमेकांवर सरकणारे भाग घट्ट होतात.

मात्र कवच जितके पक्के, तितकी त्यासाठी करावी लागणारी खरवड निर्दय. जुन्या पिस्तुलावरील परीक्षणाच्या मोहरा, कारागिराची खूण, हाताच्या घामाने उतरलेली निळाई, हे सारे त्या माऱ्याखाली पुसट होते. म्हणूनच संग्राहक मूळ झिलईच्या, जरी ती विटलेली असली तरी, शस्त्राला नव्याने रंगविलेल्या शस्त्रापेक्षा अधिक मोल देतात. रोजच्या वापरातील सरकारी शस्त्राला टिकाऊ लेप देणे शहाणपणाचे आहे. वाड्यातील वा संग्रहालयातील पिस्तुलाला हलका तेलाचा हात आणि कोरडी जागा पुरेशी होय. शस्त्राच्या दुरुस्तीसाठीही १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना असलेल्या व्यक्तीकडेच जावे लागते, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

१८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर घरोघरची शस्त्रे कमी झाली आणि शिकलगारांची अनेक कुटुंबे चाकू, सुऱ्या व कात्र्यांना धार लावण्याकडे वळली. आज हे नाव मुख्यतः आडनाव म्हणून उरले आहे. परंतु आधी पाहावे, मग हात लावावा, आणि जेवढे आवश्यक तेवढेच घासावे, हा त्या हातांचा शिरस्ता जुन्या शस्त्रांना, तसाच जुन्या पोथ्यांनाही, अद्याप उपयोगी पडणारा आहे.