हा गेम दुरुस्त कोण करणार?

आमच्या सोलापूरच्या शाळेत विज्ञान मंडळाच्या कपाटात एक जुना व्हिडिओ गेम आहे. घरातली अडगळ काढताना एका माजी विद्यार्थ्याने तो आणून दिला. करड्या प्लॅस्टिकचा डबा, वर कॅसेट खोचायची फट, वायरने जोडलेले दोन रिमोट. विज्ञान प्रदर्शनात तो मांडावा, असे ठरले. जुना पेटीसारखा टीव्ही मिळाला, अडाप्टरही सापडला. जोडणी केली, बटण दाबले आणि पडद्यावर आल्या नुसत्या मुंग्या.

दुरुस्त करून घेऊ, असे म्हणून आम्ही बाहेर पडलो. नवी पेठेत मोबाइल दुरुस्तीची दुकाने बरीच. तिथे उत्तर मिळाले, ‘मोबाइल असेल तर द्या.’ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सांगितले, ‘याचे सुटे भाग येत नाहीत, नवा घ्या.’ एकाने डबा उघडायच्या आधीच मान हलवली. शेवटी एका गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ भेटले. हल्ली मिक्सर आणि पंख्यांचे काम करतात. गेम कोणत्या कंपनीचा, हे त्यांनी विचारलेच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘अडाप्टर कुठला लावला होता?’

गेम टीव्हीवाल्याकडे नेणे हा आमचा नाइलाज होता, असे तेव्हा वाटले. पुढे या यंत्राचा इतिहास चाळला, तेव्हा लक्षात आले की आम्ही योग्य दारात उभे होतो. व्हिडिओ गेम जन्मालाच आला तो दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातून.

राल्फ बेअर यांचा जन्म 1922 मध्ये जर्मनीत, एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीमुळे 1938 मध्ये या कुटुंबाला देश सोडावा लागला. न्यूयॉर्कला आल्यावर कारखान्यात काम करता करता बेअर यांनी टपालाने चालणारा रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रम 1940 मध्ये पुरा केला आणि काही काळ रेडिओ दुरुस्तीवर पोट भरले. पुढे ते अभियंता झाले. घरोघरी टीव्ही आहेत, पण माणसाने त्याच्यापुढे बसून फक्त बघायचे, ही गोष्ट त्यांना खटकत होती. 1966 मध्ये त्यांनी टीव्हीवर खेळ खेळण्याची कल्पना चार पानांत लिहून काढली. तिच्यातून 1972 मध्ये ‘ओडिसी’ हा घरी खेळायचा पहिला व्हिडिओ गेम बाजारात आला. त्यात ना संगणकाची चिप होती, ना आवाज. ट्रान्झिस्टर आणि डायोड यांच्या जोडणीतून पडद्यावर काही ठिपके हलत, एवढेच.

दुसरे नाव जेरी लॉसन यांचे. 1940 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा शाळकरी वयातच लोकांचे टीव्ही दुरुस्त करून पैसे मिळवत असे. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली ‘चॅनल एफ’ हा गेम तयार झाला आणि 1976 मध्ये विक्रीला आला. खेळाचा कार्यक्रम साठवलेली वेगळी कॅसेट खोचायची सोय असलेला हा पहिला गेम. कॅसेटची मूळ कल्पना दुसऱ्या एका छोट्या कंपनीची होती. पण लहान मुलांनी हजारदा खोचली आणि उपसली तरी टिकेल अशी वस्तू बनवणे हे काम लॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

कॅसेट म्हणजे काय, हे सोलापूरच्या मुलांना समजावणे सोपे आहे. चादरीच्या मागावरचे जॅकार्ड त्यांनी पाहिलेले असते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वरून सरकत जाते आणि कोणता धागा उचलायचा, कोणता नाही, हे ती भोके ठरवतात. माग तोच, माळ बदलली की नक्षी बदलते. फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्ड यांनी 1804 च्या सुमारास ही युक्ती प्रत्यक्षात आणली. गेमच्या कॅसेटमध्ये पुठ्ठ्याऐवजी स्मृतीची चिप असते आणि भोक आहे की नाही याऐवजी एक किंवा शून्य असते. यंत्र तेच; कॅसेट बदलली की खेळ बदलतो.

आपल्याकडे 1990 च्या दशकात जे गेम घरोघरी आले, त्यांतले बहुतेक जपानच्या ‘फॅमिकॉम’च्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै 1983 मध्ये आला. त्याच्या मेंदूचा गाभा होता 1975 साली अमेरिकेत तयार झालेली 6502 ही चिप. त्या काळी ती अवघ्या 25 डॉलरला विकली गेली, म्हणूनच खेळण्यात संगणक घालणे परवडू लागले. तिच्यात सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर. आज खिशातल्या मोबाइलच्या चिपमध्ये ते अब्जावधी असतात. पण साडेतीन हजार हा आकडा माणसाच्या आवाक्यातला आहे. काही हौशी अभ्यासकांनी या चिपची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेतली आणि 2010 मध्ये तिचा एकेक ट्रान्झिस्टर संगणकाच्या पडद्यावर चालवून दाखवला.

आता आमच्या गेमकडे वळू. त्या गृहस्थांनी डबा उघडण्याआधीच निम्मे निदान केले होते. ते म्हणाले, ‘मुंग्या येतात म्हणजे गेममधून काहीच बाहेर पडत नाही. पडदा नुसता काळा किंवा एकरंगी झाला असता, तर दोष दुसरीकडे.’ हे तर्कशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. हे जुने गेम स्वतःच एक छोटे प्रक्षेपण केंद्र असतात. चित्राचे संकेत एका ठरावीक वाहिनीच्या लहरींवर चढवून ते अँटेनाच्या वाटेने टीव्हीत सोडतात. लहर पोहोचली, पण तिच्यावर चित्र नसले तर मुंग्या थांबतात आणि पडदा कोरा दिसतो. मुंग्या कायम आहेत म्हणजे लहरच नाही. लहर नाही म्हणजे बहुधा वीजच पोहोचत नाही.

मग अडाप्टर तपासला. तो आम्ही दुसऱ्याच कुठल्या उपकरणाचा उचलला होता. पिन फटीत बरोबर बसली, म्हणून चालेल असे मानले. पण जुन्या गेमपैकी अनेकांत पिनेच्या आतल्या बाजूला ऋण टोक असते, तर आजच्या बहुतेक अडाप्टरमध्ये तिथे धन टोक असते. आम्ही वीज उलटी दिली होती. चूक आमचीच.

डबा उघडल्यावर तीन पायांचा एक काळा तुकडा त्यांनी दाखवला. हा 7805, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग. 9 व्होल्ट आत घेतो, 5 व्होल्ट बाहेर देतो आणि उरलेल्या 4 व्होल्टची ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो. अर्धा अँपिअर प्रवाह असेल तर 4 गुणिले 0.5, म्हणजे 2 वॅट उष्णता. म्हणून त्याला धातूची पट्टी लावलेली असते. तो जळाला होता. दहा-वीस रुपयांचा भाग. त्यांनी जुना डाख वितळवून तो काढला, नवा बसवला. चित्र आले, पण त्यावर आडवे पट्टे सरकत होते. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने आतल्या कपॅसिटरमधला द्रव सुकला होता, तोही बदलला. शेवटी कॅसेटचे पितळी रंगाचे दात खोडरबरने हलकेच पुसले. लहानपणी आपण सगळे कॅसेटवर फुंकर मारत असू. त्या फुंकरीतला दमटपणा उलट दातांना गंज आणतो, हे त्या दिवशी मुलांनाही कळले.

आतली मुख्य चिप वाचली, हे आमचे नशीब. नंतरच्या स्वस्त गेममध्ये सगळे काम एकाच चिपमध्ये कोंबून तिच्यावर काळ्या राळेचा ठिपका ओततात. तो जळला की डबा टाकून द्यायचा. खुद्द मूळ जपानी कंपनीनेही सुटे भाग मिळेनासे झाल्यामुळे 31 ऑक्टोबर 2007 रोजी फॅमिकॉमची दुरुस्ती बंद केली.

भारत सरकारने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचे सुटे भाग व माहिती ग्राहकाला मिळावी, हा तिचा विषय. हे आवश्यकच आहे. पण भाग मिळाला आणि तो बसवणारा हात नसला तर? सोलापूरच्या गिरण्यांत माग बिघडला की जॉबरला हाक मारत. त्याचे ज्ञान पुस्तकात नव्हते. हाताखालच्या पोऱ्याने बघून बघून ते उचललेले असे. गिरण्या बंद पडल्या, तशी ती साखळी तुटली. टीव्ही दुरुस्तीचे तेच होत आहे. त्या गृहस्थांना आम्ही विचारले, तुमच्याकडे शिकायला कोण आहे? ते म्हणाले, ‘कोणी नाही. बघायला तुम्हीच आलात.’

म्हणून प्रदर्शनात आम्ही चालू गेमशेजारी तो जळालेला 7805 आणि चुकीचा अडाप्टर मांडला, आणि त्या गृहस्थांना एक दिवस शाळेत बोलावले. आपल्या गावातही असे कोणी असतील. त्यांना वर्गात आणता येईल. एक बंद पडलेले, 5 व्होल्टवर चालणारे खेळणे उघडून मुलांना विचारता येईल: इथपर्यंत वीज आली का? मग पुढे का गेली नाही? मात्र अडाप्टर आणि जुना टीव्ही मुलांच्या हाती उघडायला देऊ नये. अडाप्टरमध्ये 230 व्होल्ट असतात, आणि टीव्हीच्या चित्रनळीत बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो.

आमच्या आठवीतल्या दोन मुली आता शनिवारी त्या दुकानात जाऊन बसतात. मागच्या आठवड्यात त्यांनी एक मिक्सर उघडला. तो अजून चालू झालेला नाही.