वाद मिटत का नाहीत?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. 1608 साली त्यांचा जन्म येथे झाला, याविषयी कोणी भांडत नाही. भांडण आहे ते पुढच्या एका सालाचे. शिवाजी महाराजांची व समर्थांची पहिली भेट 1649 साली झाली की 1672 साली? गेली शंभराहून अधिक वर्षे महाराष्ट्र या प्रश्नाभोवती फिरत आहे.

वरवर पाहता हा प्रश्न इतिहासाचा आहे. हनुमंतस्वामींची बखर 1649 सांगते. पण ती लिहिली गेली शतकाहून अधिक काळ लोटल्यावर. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थांची कागदपत्रे जन्मभर जमवली व तेच साल उचलून धरले. उलट पक्षी चांदोरकर आणि भाटे यांनी 1672 चा पक्ष घेतला. केशव गोसाव्यांच्या त्या वर्षीच्या पत्रात राजांची ही पहिलीच भेट असल्याचा आशय आहे. त्यावर उत्तर आले की, ही पहिली भेट त्या स्थळापुरती! म्हणजे कागद सापडूनही वाद मिटला नाही. भांडणाला आणखी एक विषय मिळाला, इतकेच.

असे का व्हावे? तोंडी प्रश्न सालाचा असतो, मनातला निराळाच. भेट आधीची ठरली, तर स्वराज्याच्या प्रेरणेचे श्रेय समर्थांकडे जाते. नंतरची ठरली, तर स्वराज्य त्यांच्या उपदेशावाचून उभे राहिले असे होते. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या काळात या श्रेयाला जातीचा मान चिकटला. मानाचा निवाडा कोणते पत्र करणार? शिवाय अशा वादातून जो उठतो तो हरला, असे मानले जाते. त्याच्याच पक्षाचे लोक त्याला पळपुटा ठरवतात. म्हणून कोणी उठत नाही. नवे सांगण्यासारखे संपले की जुनेच अधिक मोठ्याने सांगितले जाते.

फेब्रुवारी 2022 मध्ये शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी समर्थांचा महाराजांचे गुरू म्हणून उल्लेख केला. लगेच निषेध सुरू झाले आणि तोच जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला.

तेव्हा अशा वादात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एकच विचारावे: कोणता पुरावा पुढे आला तर मी माझे मत सोडीन? उत्तर असेल, तर खुशाल चर्चा करावी. नसेल, तर आपण सालाविषयी बोलत नसून मानाविषयी बोलत आहोत, हे ओळखावे आणि तेवढे तरी उघडपणे म्हणावे.